'ब्लू रुइन' : ज्याला सूड घेता येत नाही अशा माणसाचा सूड

रात्रपाळी :
शनिवारी ड्यूटीवरून पहाटे घरी आलो, झोप काही येईना, म्हटलं अर्धा तास काहीतरी बघू, आणि दीड तास जागचा हललो नाही. आई सहाला उठली तेव्हा मी ओटल्यावर नुसता बसून होतो, ती म्हणाली काय रे बरं नाही का. सिनेमाचं नाव 'ब्लू रुइन', २०१३ चा, दिग्दर्शक जेरेमी सॉल्नियर. अमेरिकेतला आहे पण मोठ्या कंपनीचा नाही, घरचा पैसा घालून केलेला स्वतंत्र सिनेमा. इथे कोणी बघितलाय का माहीत नाही, पण मला यावर बोलायचंच आहे म्हणून धागा काढतोय. ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या, कारण मी गोष्ट सांगणार आहे, न सांगता यावर बोलताच येत नाही.

ड्वाइट नावाचा माणूस समुद्रकिनाऱ्यावर एका खटारा निळ्या गाडीत राहतो. दाढी वाढलेली, जत्रेतल्या कचऱ्यातलं उचलून खातो, लोक घरी नसताना त्यांच्या न्हाणीत शिरून अंघोळ करतो. एक दिवस पोलीसबाई गाडीची काच वाजवते. आपल्याला वाटतं आता पकडणार, पण ती त्याला ठाण्यात नेऊन बसवते आणि हळूच सांगते की तुझ्या आईवडिलांच्या खुनात आत गेलेला माणूस सुटतोय. हे ऐकताना तू एकटा नसावास म्हणून तुला इथे आणलं, असं तिचं म्हणणं. सूडाच्या सिनेमात पहिलं माणूस इतकं चांगलं भेटतं, हे मी तरी पहिल्यांदा बघितलं.

मग हा निघतो. आणि इथून सिनेमा जे करतो त्यासाठी मी हे सगळं लिहितोय. त्याला काहीच जमत नाही हो. एका ट्रकमधून पिस्तूल चोरतो, तर त्याच्या चापाला कुलूप लावलेलं. ते तोडायला जातो तर पिस्तूलच मोडतं. शेवटी चाकू घेऊन हॉटेलच्या संडासात लपतो, तो माणूस आत येतो, आणि जे होतं ते इतकं घाईघाईचं, धडपडीचं, घाणेरडं आहे की अंगावर काटा येतो. बाहेर येऊन त्या लोकांच्या गाडीचं टायर फाडतो, पाठलाग करू नये म्हणून, त्यात स्वतःचाच हात कापून घेतो. आणि मग आपल्या गाडीपाशी येऊन खिसे चाचपतो तर किल्ली नाही. आत पडली. आता पळायला गाडी कोणती, तर तीच, जिचं टायर त्याने आत्ताच फाडलंय.

ही किल्ली माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण पुढचा सगळा सिनेमा त्या किल्लीवरून चालतो. गाडी मागे राहिली, गाडीच्या कागदांवर पत्ता बहिणीचा, बहिणीच्या घरी दोन लहान मुली. म्हणजे याने वार केला संडासात आणि तो जाऊन लागला बहिणीच्या दारावर.

अजून कोणाला असं वाटलं का? का मीच पहाटे बघितला म्हणून जास्त लागला?

छप्पन :
बघितलाय भिया, दोन वर्षं झाली. दाढी काढल्यावर तो जो दिसतो ना, एकदम एखाद्या बँकेतला क्लार्क, त्या शॉटला मी पॉज केला होता. सिनेमाभर आपण ज्याला जंगली समजत होतो त्याच्या आत हा माणूस होता.

मालवी_मिरची :
रात्रपाळी, मी लिहिणारच होते यावर कधीतरी, तुम्ही धागा काढला ते फार बरं केलं.

मला बहिणीबद्दल बोलायचंय. सूडाच्या सिनेमात बाई एक तर मेलेली असते, जिच्यासाठी सूड, नाहीतर दारात उभी राहून जाऊ नको म्हणणारी. ही सॅम तशी नाही. भाऊ कित्येक वर्षांनी समोर येऊन सांगतो की मी त्याला मारलं, आणि ऐकताक्षणी तिला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं, ती म्हणते भोगलं असेल ना त्याने. आईबाप तिचेही गेलेत ना. आणि मग एकेक कळायला लागतं, की पोलिसांत कोणी गेलेलंच नाही, बातमी आलेली नाही, म्हणजे ती माणसं हे आपसात उरकणार, आणि त्यांच्याकडे गाडी आहे, आणि गाडीवर आपल्या घरचा पत्ता. तिचा चेहरा जो उतरत जातो तो बघा पुन्हा. भावाला ती निघताना म्हणते की तू वेडा असतास तर मी माफ केलं असतं, पण तू वेडा नाहीस, कमजोर आहेस. मी तो संवाद ऐकून उठून पाणी प्यायले.

मुलींना गाडीत घालते आणि जाते. जिने स्वतःच्या हाताने घर मांडलंय तिला विचारा असं चालत्या घरातून निघणं म्हणजे काय. गॅसवरचं गॅसवर, मुलींचे कपडे दोरीवर, आणि तुम्ही निघायचं, कारण भावाने तुम्हाला न विचारता तुमच्या वतीने काहीतरी केलंय. तो म्हणेल आपल्या आईबाबांसाठी केलं. तिला विचारलं होतं का?

आणि एक. आपल्याकडे याला एक शब्द आहे, भाऊबंदकी. टोळीयुद्ध नाही, बदला-बिदला नाही, दोन घरांची भाऊबंदकी आहे ही. शेवटी तर खरोखरच एक भाऊ निघतो.

लग्नाचा_कॅमेरा :
मी याच्यावर दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण आपलं कामच ते. बारा वर्षं झाली लग्नं शूट करतोय, इंदूर-देवास-उज्जैन-धार सगळीकडे.

या सिनेमाचा दिग्दर्शक, लेखक आणि कॅमेरामन एकच माणूस आहे, सॉल्नियर. पोट भरायला तो कंपन्यांचे व्हिडिओ करायचा, म्हणजे आपल्याच जातीचा. हिरो झालेला मेकन ब्लेअर हा त्याचा लहानपणचा दोस्त, दोघं व्हर्जिनियातले, शाळेपासून घरच्या घरी सिनेमे काढायचे. दोघांचा आधीचा सिनेमा २००७ चा, 'मर्डर पार्टी', त्यानंतर वर्षं गेली आणि दुसरा काही जमेना. तेव्हा ठरवलं की जे हाताशी आहे त्यातूनच करायचा. गाडी हाताशी होती, ती निळी जुनी पोन्टिॲक बोनव्हिल घरच्यांचीच. आईवडिलांचं घर वापरलं. किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणी गोळा केली, सुमारे ३७ हजार डॉलर आले. बाकी बायकोने निवृत्तीसाठी साठवलेला पैसा आणि क्रेडिट कार्डं. सगळं मिळून ४ लाख २० हजार डॉलरच्या आसपास खर्च सांगतात, तिथल्या हिशेबात हे काहीच नाही, तिथे एवढ्यात मोठ्या सिनेमाचा एक दिवस निघत नसेल. आणि हा सिनेमा २०१३ ला फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात, डायरेक्टर्स फोर्टनाइट नावाच्या विभागात लागला आणि फिप्रेस्की, म्हणजे समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार घेऊन आला.

पण पैसे कमी होते हे पडद्यावर कुठे दिसतं ते सांगा मला. मी कॅमेऱ्यात राहणारा माणूस, मला दिसलं नाही. कॅनन सी थ्री हंड्रेडवर शूट केलंय, हा काही सिनेमाचा बादशहा कॅमेरा नाही, पण कमी उजेडात चांगला चालतो. आणि सॉल्नियरने उजेडाशी भांडण केलेलंच नाही. रात्री गाडीच्या टपावरच्या दिव्याचा, पेट्रोल पंपाचा, स्वयंपाकघरातल्या बल्बचा उजेड आहे तोच वापरलाय, अंधार आहे तिथे अंधार राहू दिलाय. आमच्याकडे लग्नात एलईडी पॅनल इतकी लावतात की नवरीचा मुखडा पिठाचा दिसतो, कोणाला सांगायचं.

एक करून बघा. सुरुवातीची दहाएक मिनिटं आवाज बंद करून बघा. मी बघितली. सगळी गोष्ट कळते. तो कुठे राहतो, काय खातो, कोणाला घाबरतो, गाडीत काय काय साठवलंय. तसाही तो बोलत नाहीच. मी माझ्याकडच्या दोन नवीन पोरांना ही दहा मिनिटं दाखवली आणि म्हटलं, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) घेऊन नवरदेवाभोवती गोल फिरण्याआधी हे बघा, माणूस काय करतोय ते नुसतं नीट दाखवलं तरी पुष्कळ असतं.

ड्यूटी_नंबर_तीन :
मी नर्स आहे, इमर्जन्सीत चौदा वर्षं काढली. मला तुमच्या सिनेमातलं फार कळत नाही पण मिस्टरांनी लावला होता म्हणून बघितला, आणि बाणाचा सीन आला तेव्हा मी त्यांचा हात धरून ठेवला.

त्याच्या मांडीत क्रॉसबोचा बाण घुसतो. नेहमीच्या पिक्चरमध्ये काय होतं, हिरो दातात पट्टा धरतो, बाण उपसतो, वर दारू ओततो, पट्टी बांधतो आणि पुढच्या सीनला पळतो. हा माणूसही तेच करायला जातो, दुकानातून सामान आणतो, मांडून बसतो. आणि जमत नाही. कसं जमेल? मग हॉस्पिटलच्या दारात येऊन कोसळतो.

हे मला इतकं खरं वाटलं की काय सांगू. आत घुसलेली वस्तू कधी उपसायची नसते. तीच रक्तवाहिनीला बुचासारखी बसलेली असू शकते, उपसली की धार लागते. आजूबाजूने कापडाचे गठ्ठे लावून ती हलू न देता आणायची आणि ऑपरेशन थिएटरमध्ये काढायची, हाच नियम. आमच्याकडे एकदा शेतातून एक दादा आले होते, मांडीत विळ्याचं टोक, आणि सोबतच्या शहाण्याने रस्त्यात उपसून फेकून दिलेलं. जीपची मागची सीट मी अजून विसरले नाही. वाचले ते, पण रक्ताच्या किती बाटल्या चढवल्या ते आम्हाला माहीत.

तर ज्याने हा सिनेमा काढला त्याला माणसाचं शरीर काय असतं ते ठाऊक आहे. रक्त खूप आहे हो यात, पण मजेसाठी नाही. दुखतं म्हणून आहे.

पोहे_जिलबी :
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मला नाही आवडला. दीड तास एक माणूस चुका करत फिरतो आणि आपण त्याची दया करायची? सूड घ्यायचा तर धड घे, नाहीतर घरी बस. गती पण संथ आहे, पहिला अर्धा तास सोडला तर नुसतं घरात बसून वाट बघणं. आमच्या ग्रुपमध्ये चार जणांनी मिळून लावला होता, दोघं झोपले. कोरियन सूडपट बघा, त्यात निदान डोकं लावलेलं असतं.

रात्रपाळी :
पोहे_जिलबी, राग कसला. पण मला वाटतं तुम्ही ज्याला चूक म्हणताय तीच त्याची गोष्ट आहे. तुम्ही-आम्ही उद्या असं काही करायला निघालो तर आपलं काय होईल? आपल्याला पिस्तूल चालवता येतं? मला येत नाही. रात्री एखाद्याच्या घराबाहेर दबा धरून बसता येतं? मला तर डास चावले तरी उठावं लागेल. बाकीच्या सूडपटांत एक खोटं ठरूनच गेलेलं असतं, की राग पुरेसा असला की हुन्नर आपोआप येतं. या सिनेमात राग आहे, वीस वर्षांचा साठलेला, आणि हुन्नर शून्य. ते वाट बघणंही म्हणूनच. रिकाम्या घरात तो एकटा दिवे बंद करून बसतो, बाहेर गाडीचा आवाज, जाते का थांबते. माझा तर तिथेच श्वास अडकला होता.

आणि मालवी_मिरची ताईंनी भाऊबंदकी म्हटलं आणि माझ्या पोटात गलबललं, कारण मी पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलं नाही ते हेच आहे.

इंदूरच्या रामबागेत आमचा वाडा होता. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोन बिऱ्हाडं, मध्ये एक दार. कशावरून फाटलं त्याच्या घरात तीन गोष्टी आहेत, कोणी म्हणतं जिन्याखालच्या खोलीवरून, कोणी म्हणतं पणजीच्या पाटल्यांवरून. त्या मधल्या दाराला आजोबांनी कुलूप घातलं आणि किल्ली देवघराच्या खिळ्याला टांगली. मी जन्मलो तेव्हापासून ती तिथेच. पितळेची, लांब दांडीची, वर लाल दोरा. आजोबा गेले, पुढे धाकटे आजोबा गेले तेव्हा मधल्या दारातून आठ पावलं होती, पण माझे वडील रस्त्याने वळसा घालून गेले, ओटल्यावरूनच नमस्कार करून परत आले. दार उघडलं नाही. दावा बावीस वर्षं चालला, शेवटी वाडा बिल्डरला गेला, आता तिथे चार मजले आहेत. ते दारच नाही आता. किल्ली मात्र नव्या फ्लॅटच्या देवघरात पण आली, खिळ्यासकट.

आमच्याकडे कोणी कोणाला मारलं नाही. पण ड्वाइट खिसे चाचपतो ना, तेव्हा मला ती किल्ली दिसली.

काळा_कोट :
रात्रपाळी, फार मनापासून लिहिलंत. दिवाणी दावा बावीस वर्षं म्हणजे तसा मध्यमच, मी इथे कोर्टात तिसऱ्या पिढीचा दावा चालवतोय.

माझा मुद्दा कथेतल्या एका गाठीबद्दल, ज्यांनी बघितला नाही त्यांनी ही पोस्ट सोडून द्या. मेलेल्याचा भाऊ टेडी, ज्याला ड्वाइट गाडीच्या डिकीत कोंडतो, तो बाहेर आल्यावर सांगतो की तू मारलास तो खुनी नव्हताच. खून त्याच्या बापाने केला होता, कारण ड्वाइटच्या वडिलांचे त्या बापाच्या बायकोशी संबंध होते. बाप कॅन्सरने मरायला टेकला होता, म्हणून पोराने गुन्हा अंगावर घेतला. म्हणजे ड्वाइटची वीस वर्षं, त्याची गाडी, दाढी, चाकू, सगळं चुकीच्या माणसावर गेलं.

अंगावर घेणं आपल्याकडेही नवीन नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा धरत नाहीत, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. मॅजिस्ट्रेटसमोर द्यावा लागतो, आणि मॅजिस्ट्रेटने आधी समजावून सांगायचं असतं की कबुली द्यायचं तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. तरीसुद्धा घरातल्या माणसासाठी उभा राहिलेला मुलगा शांतपणे हो म्हणतो, तेव्हा त्याच्या पोटात शिरून कोण बघणार.

आणि कोर्टात ठरतं ते कोणी मारलं. का मारलं हे सिद्ध करणं प्रत्येक केसमध्ये लागतंच असं नाही. मेलेल्याच्या घरच्यांना मात्र तेच हवं असतं. निकालानंतर माझ्यासमोर बसून लोक विचारतात, वकीलसाहेब, पण का केलं असेल त्याने? माझ्याकडे उत्तर नसतं. ड्वाइटला ते उत्तर वीस वर्षांनी मिळालं, आणि नसतं मिळालं तर बरं, असं ते उत्तर होतं. मला वाटतं पिक्चरचा खरा घाव तो आहे, बाणाचा नाही.

निमाडकर :
मी बुऱ्हाणपूरचा, नोकरीनिमित्त इंदुरात. तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट वाचताना मला असीरगड आठवत होता.

आमच्याकडे लहानपणापासून सांगतात की अश्वत्थामा अजून जिवंत आहे आणि पहाटे असीरगडावरच्या महादेवाला येऊन फूल वाहून जातो. कपाळावरचा मणी काढून घेतला तिथली जखम वाहते, आणि तो लोकांकडे तेल-हळद मागत फिरतो. आजी आम्हाला सांगायची, गडावर कोणी तेल मागितलं तर मागे बघायचं नाही. मी गडावर गेलोय चार-पाचदा, देवळात ताजं फूल असतंच.

त्याची गोष्ट काय आहे? बापाला कपटाने मारलं म्हणून सूड. सौप्तिक पर्वात आहे, रात्री तो वडाखाली पडलाय, झोप नाही, आणि वर बघतो तर एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारतंय. तिथून त्याला सुचतं. छावणीत शिरतो, धृष्टद्युम्नाला मारतो, तिथवर एक वेळ समजू, पण द्रौपदीची पाच पोरं झोपेत मारतो. त्यांनी काय केलं होतं? आणि मग उरलेलं आयुष्य जखम घेऊन भटकणं.

ड्वाइट पहिल्या सीनला भेटतो तेव्हाच तो तसा आहे. दाढी, उष्टं खाणं, दुसऱ्याच्या घरात चोरून पाणी. सूड घेण्याआधीच शाप भोगून झालेला माणूस. हे मला आपल्या गोष्टीपेक्षा उलटं वाटलं आणि म्हणून फार लागलं.

भागवतात पुढे आहे की अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो, आणि तीच म्हणते सोडा त्याला, मी रडते तशी त्याची आई रडायला नको. ताई, तुमच्या त्या बहिणीवरून हे आठवलं.

मालवी_मिरची :
निमाडकर, हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. आईने सांगितलेली गोष्ट, पण घुबडाचं मला माहीत नव्हतं.

जुना_तुकोगंज :
मुलांनो, मी सत्तरी ओलांडलेला माणूस, सिनेमा नातवाने लावून दिला. सूडाचा विषय निघाला आणि इंदूरकर बोलत असून बावला प्रकरण कोणी काढलं नाही याचं नवल वाटलं. आमच्या लहानपणी मोठी माणसं हे नाव आवाज खाली करून घ्यायची.

मुमताज नावाची नर्तकी तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारी होती. ती इथून निघून मुंबईला गेली आणि अब्दुल कादर बावला नावाच्या धनिक व्यापाऱ्याच्या आश्रयाला राहिली. १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर त्यांची मोटार दुसऱ्या मोटारीने अडवली, बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. तिला उचलून न्यायचा बेत होता. नेमके गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे येऊन पोचले, हातातल्या गोल्फच्या काठीने भिडले, आणि बेत फसला. हल्लेखोर इंदूर संस्थानाशी संबंधित निघाले. खटल्यात एका आरोपीच्या बाजूने बॅरिस्टर मोहम्मद अली जिना उभे होते. तीन जणांना फाशीची शिक्षा झाली. चौकशी आयोगाला सामोरं जाण्याऐवजी महाराजांनी १९२६ मध्ये गादी सोडली आणि यशवंतराव दुसरे आले.

मी हे का सांगतो, तर पोहे_जिलबी म्हणाले सूड घ्यायचा तर धड घे. तिथे माणसं होती, मोटारी होत्या, पिस्तुलं होती, पैशाला कमी नव्हती, आणि चार अनोळखी माणसं वाटेत आली की सगळं कोसळलं. या तुमच्या ड्वाइटकडे तर एक चाकू होता. चेहरा फाटला तो मुमताजचा, गादी गेली ती वेगळीच. ज्याच्यावर नेम धरलाय त्याच्यापाशीच वार थांबला, असं मी तरी इतक्या वर्षांत वाचलं नाही की ऐकलं नाही.

पोहे_जिलबी :
काका, तुमचं वाचून मी काल पुन्हा लावला, एकट्याने. संथ अजूनही वाटतो, खोटं बोलणार नाही. पण तो मित्र येतो ना, बेन, शेतावर राहणारा, ज्याला काही प्रश्न न विचारता मदत करायची असते आणि बंदुकांची सगळी माहिती असते, तो आल्यावर फरक एकदम कळला. ज्याला हुन्नर आहे तो माणूस किती शांत असतो, आणि याला ते कधीच येणार नाही. मागच्या वेळी हे सुटलं होतं. मागे दोघं गप्पा मारत होते हे पण खरं. बेन झालेला डेव्हिन रॅट्रे म्हणजे 'होम अलोन' मधला दांडगा मोठा भाऊ हे पण आत्ता कळलं, लहानपणी किती बघितलाय तो सिनेमा.

लग्नाचा_कॅमेरा :
भिया, ये बात. अजून हवं असेल तर सॉल्नियरचा पुढचा 'ग्रीन रूम' आहे २०१५ चा, आणि २०२४ चा 'रेबेल रिज'. मेकन ब्लेअरने पण नंतर स्वतः दिग्दर्शन केलं, त्याच्या पहिल्या सिनेमाला २०१७ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला. घरातल्या गाडीपासून सुरू केलेली माणसं.

ड्यूटी_नंबर_तीन :
रात्रपाळी दादा, शेवटाबद्दल तुम्ही काही लिहिलंच नाही. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

रात्रपाळी :
ताई, मुद्दाम थांबलो होतो, कारण मला ते पुन्हा बघायचं होतं.

शेवटी तो त्यांच्याच घरात त्यांची वाट बघत बसतो. सगळं संपवायला आलाय, पण डोळ्यांत फक्त थकवा आहे, बहिणीला सोडा एवढंच मागायला आल्यासारखा. आणि ती माणसं ऐकणारी नाहीत. गोळीबार होतो तोही आपण नेहमी बघतो तसा नाही, एका खोलीत, हाताच्या अंतरावर, आवाजाने कान बसतील असा. त्याआधी तो पोरगा येतो, विल्यम, पहिल्याच रात्री त्या लांबलचक गाडीत मागे बसलेला, ज्याला याने तेव्हा सोडून दिलं होतं. तो निघतो ड्वाइटचा सावत्र भाऊ, त्याच्या वडिलांचा मुलगा. काळा_कोट साहेबांनी सांगितलेल्या त्या संबंधांतला. ड्वाइट त्याला जायला सांगतो. आणि मरताना पडल्या पडल्या पुटपुटत राहतो की किल्ली गाडीत आहे. किल्ली गाडीतच आहे.

पहिल्या रात्री हरवली तीच किल्ली. मी दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा मोठ्याने रडलो, दार लावून घेतलं होतं.

एक सांगायचं राहिलं. परवा जेवताना वडिलांना म्हटलं, एक सिनेमा आहे, बघता का. ते सिनेमे बघत नाहीत, इथल्या सानंद संस्थेच्या नाटकांना जातात तेवढंच, पण बसले. खाली सबटायटल होती, ती त्यांना वाचायला अवघड जात होती म्हणून मी हळूहळू मराठीत सांगत होतो. संडासातल्या सीनला चष्मा काढून ठेवला, मग परत लावला. तो खिसे चाचपतो तिथे म्हणाले, बंद कर आता, उशीर झाला. मी बंद केला. काही बोलले नाहीत, झोपायला गेले.

सकाळी पोहे खाताना एकदम विचारलं, त्याला ती किल्ली सापडली का?

मी म्हटलं, सांगत नाही, पुढे आहे.

बराच वेळ गप्प होते. मग आईला म्हणाले, आज स्वयंपाक लवकर कर, आम्हाला रात्री उरलेला बघायचाय.